आपल्या कॉलेजची टीम

माझा एक नातू अमेरिकेत ॲन आर्बरला आहे. तसा तो चुलतभावाचा नातू, पण आमच्या वऱ्हाडात असले हिशेब कोणी करत नाही. बडनेऱ्याला इंजिनीअरिंग केलं आणि पुढे एम. एस. करायला मिशिगन विद्यापीठात गेला. अमरावतीत असताना या मुलाने कधी चेंडूला पाय लावलेला मला आठवत नाही. तिथे जाऊन दोन महिने झाले नसतील, एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाज बसलेला. मला वाटलं, थंडी बाधली असेल. तर म्हणाला, ‘‘आबा, काल ग्राउंडवर लाखाच्या वर माणसं होती. ओरडून ओरडून घसा गेला. आपलं कॉलेज जिंकलं!’’

त्या ‘आपलं’ शब्दाशी मी थांबलो. दोन महिन्यांपूर्वी या पोराला त्या गावाचं नाव धड उच्चारता येत नव्हतं. आणि आता ते कॉलेज ‘आपलं’!

आकडा मात्र त्याने फुगवलेला नव्हता. मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम १९२७ साली उघडलं आणि आज त्यात १ लाख ७ हजार ६०१ प्रेक्षक बसतात. ॲन आर्बर हे गाव जेमतेम सव्वा लाख वस्तीचं. आपल्या अकोल्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सव्वाचार लाखांच्या घरात होती. म्हणजे अकोल्यातला दर चौथा माणूस एकाच मैदानावर बसलाय, आणि तोही कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला, अशी कल्पना करा.

मी नातवाला हसलो नाही. कारण १९६४ साली हा आजार मलाही झाला होता. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी हा आजार आला कुठून ते पाहू.

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, हे बहुतेकांना माहीत असेल. अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत धरून पळायचं आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा तो खेळ. पण त्याची सुरुवात झाली ती आपल्या फुटबॉलच्या जवळच्या खेळातून. ६ नोव्हेंबर १८६९ या दिवशी न्यू जर्सी राज्यातल्या न्यू ब्रन्सविक गावी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांची मॅच झाली. एका बाजूला २५ असे ५० गडी मैदानात. चेंडू उचलून पळायला बंदी. लाथेने किंवा हाताने ढकलायचा, बस. गणवेश वगैरे काही नाही, कोट काढून ठेवले आणि खेळायला लागले. मग आपला गडी ओळखायचा कसा? तर रटगर्सच्या मुलांनी लाल कापडं डोक्याला फेट्यासारखी गुंडाळली. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलची पहिली ओळख म्हणजे लाल फेटा! रटगर्स ६-४ असं जिंकलं. आठवड्याने प्रिन्स्टनने आपल्या मैदानावर ८-० असं उट्टं काढलं. पहिल्या मॅचला प्रेक्षक होते शंभरेक.

त्या शंभरांचे पुढे लाख झाले, याचं एक कारण मला पटतं. तिथे पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिक संघांची मोठी संघटना उभी राहिली ती १९२० साली. तोवर पन्नास वर्षं कॉलेजांचं राज्य होतं. शिवाय अनेक कॉलेजं लहान गावांत. गावात ना मोठं थिएटर, ना बाजारपेठ. शनिवारी दुपारी करायचं काय? मॅच बघायची. वाणी, न्हावी, शेतकरी, ज्यांनी कॉलेजचं दारही पाहिलं नाही, ते सगळे त्या संघाचे झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला पुन्हा तिच्याकडे यायचं आहे.

या वेडाने माणसं मारलीही. १९०५च्या एका हंगामात दीड डझनाच्या आसपास खेळाडू मेले. तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली, खेळ थोडा मोकळा झाला. बंद करा म्हणणारे होते, पण बंद झाला नाही.

आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉलही शाळा-कॉलेजांतूनच लोकांत गेला. १८७७ साली कोलकात्याच्या हेअर स्कूलमधल्या नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी नावाच्या मुलाने गोऱ्या शिपायांचा खेळ पाहिला आणि आपल्या वर्गमित्रांना गोळा केलं. शेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधल्या स्टॅक नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने त्यांना मदत केली. तिथून बंगाल जो फुटबॉलच्या मागे लागला तो लागला. २९ जुलै १९११ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आय. एफ. ए. शिल्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी होते. बूट घातलेले एकटे सुधीर चटर्जी, आणि ते होते मिशनऱ्यांच्या कॉलेजात शिकवणारे मास्तर. मागे उभ्या राहिलेल्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून गोल किती झाले ते पतंग उडवून कळवत होते. फॅन होणं म्हणजे काय ते त्या पतंगांकडे पाहून कळतं. दिसत नाही, ऐकू येत नाही, तरी माणूस उठून घरी जात नाही.

आता दुसरी एक गोष्ट, श्रीनगरची. १८९१ साली टिंडेल-बिस्को या मिशनरी हेडमास्तरांनी शाळेत चामड्याचा चेंडू आणला. मुलं बहुतेक काश्मिरी पंडितांची. हे कशाचं आहे, असं त्यांनी विचारलं. चामड्याचं म्हटल्यावर हात लावायला तयार होईनात. मग मास्तर लोक काठ्या घेऊन मैदानाभोवती उभे राहिले आणि खेळ सुरू झाला. एका मुलाच्या तोंडावर चेंडू बसला तसा तो विटाळलो म्हणून रडायलाच लागला. हेडमास्तरांनी त्याला पाण्यावर नेऊन तोंड धुवायला लावलं आणि पुन्हा खेळ चालू. आज हसू येतं. पण चेंडू कशाचा आणि तो शिवतो कोण, हा प्रश्न श्रीनगरपुरता नव्हता.

वऱ्हाडात यायला मी जरा उशीर केला, कारण वऱ्हाडात कॉलेजच उशिरा आलं. नागपूरला हिस्लॉप कॉलेज १८८३ साली आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली सुरू झालं. कापसाच्या पैशावर अमरावती आणि अकोला दोन्ही गावं श्रीमंत, पण मॅट्रिकनंतर मुलाला शिकवायचं तर नागपूर, पुणे नाही तर मुंबई. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं ते १९२३ साली. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झालं. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठही स्थापन झालं. म्हणजे ‘आमचं कॉलेज विरुद्ध तुमचं कॉलेज’ ही भाषा वऱ्हाडात बोलता येऊ लागली ती १९२३नंतर.

मैदान मात्र त्याच्या आधीपासून तयार होतं. १९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि त्यांच्या बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. मल्लखांब, लेझीम, कुस्ती, लाठी, हुतूतू, सगळं तिथे. हे मंडळ नसतं तर आमच्या गावाला खेळ बघायची नजर आली नसती, असं माझं मत आहे. १९३६ साली मंडळाचं पथक थेट बर्लिनला गेलं आणि ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या जगभरच्या लोकांपुढे त्यांनी आपले देशी खेळ करून दाखवले. त्याच ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या संघाने १५ ऑगस्टला जर्मनीला ८-१ असं हरवलं. हॉकीचं ते सुवर्णपदक सगळ्यांना पाठ आहे. अमरावतीची पोरं बर्लिनला हुतूतू खेळून आली, हे अमरावतीतल्याच निम्म्या लोकांना सांगावं लागतं. असो.

अमरावतीचं त्या वर्षांतलं दुसरं चित्रही सांगितलं पाहिजे. १९२७च्या नोव्हेंबरात इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय होता अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं करण्याचा. पंजाबराव देशमुख एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून परत आले होते, ते या लढ्यात पुढे होते. म्हणजे कॉलेजच्या मैदानावर चांगल्या घरची मुलं चामड्याचा चेंडू डोक्यावर झेलत होती आणि तेच चामडं कमावणाऱ्याला देवळाच्या पायरीशी अडवलं जात होतं. दोन्ही एकाच गावात.

तर आता माझी गोष्ट. १९६४ साली मी अमरावतीच्या एका कॉलेजात दाखल झालो. नाव घेत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल थोडं वाकडं बोलायचं आहे. मी खेळाडू नव्हतो. छाती भरत नव्हती आणि डोळ्यांना चष्मा. पण जिमखान्याच्या सरांचं अक्षर वाईट होतं आणि माझं बरं, म्हणून टीमच्या याद्या, रेल्वेच्या कन्सेशनचे फॉर्म आणि सामानाची वही माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही हमाली आहे. दुसऱ्या आठवड्यात आमचा गोलकीपर पडला आणि माझ्या तोंडून आपोआप ‘‘अबे उठ ना बे!’’ असं निघालं. त्या दिवसापासून मी गेलोच.

आमचं मैदान काळ्या मातीचं. वऱ्हाडची ही माती कापसाला चांगली, फुटबॉलला वैरी. उन्हाळ्यात पाय मुरगळेल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात बुटाला दोन-दोन शेर चिखल चिकटतो. वर मुरूम टाकलेला असायचा, पण तो एका पावसात खाली जायचा. आणि आंतरकॉलेज सामने सुरू व्हायचे नेमके पावसाळा संपता संपता. तेव्हाचे चेंडू चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेले. आत रबराचा फुगा, त्याला आम्ही ब्लॅडर म्हणायचो, आणि वर बुटासारखी नाडी. फाळणीत सियालकोटचे कारागीर जालंधरला आले आणि आपल्याकडचे चेंडू बरेचसे तिथूनच यायचे. नवा चेंडू वर्षाला दोन मिळाले तर नशीब. ओला झाला की दगडासारखा जड. नाडीची बाजू कपाळावर बसली तर रक्त यायचं. टाके उसवायचे, ब्लॅडर बाहेर डोकवायचा आणि मग मी तो चेंडू सायकलच्या कॅरिअरला बांधून राजकमल चौकाच्या अलीकडे कडुलिंबाखाली बसणाऱ्या एका चांभाराकडे न्यायचो.

त्यांना सगळे काकाजी म्हणायचे. पन्नाशीचे असतील. रापी, आरी, मेण लावलेला दोरा आणि समोर जोड्यांचा ढीग. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चेंडू हातात फिरवून विचारलं, ‘‘भाऊ, हा कोन्या कॉलेजचा?’’ मी सांगितलं. चार आणे घेतले. दुसऱ्यांदा विचारलं, ‘‘मंग, जिंकले का?’’ तिसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, ‘‘परवा मी आलो होतो पाह्यले. डाव्या आंगचा पोट्टा पळते चांगला, पन चेंडू सोडतच नाई.’’ त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आमचा लेफ्ट विंगर कधी पास द्यायचा नाही.

मग ते दर मॅचला दिसू लागले. मैदानाच्या कोपऱ्यात बाभळीखाली, आमच्यापासून थोडे लांब उभे. ओरडत नसत. मी एकदा जवळ जाऊन उभा राहिलो तर म्हणाले, ‘‘तुमी पायाकडं पाह्यता, मी टाक्याकडं पाह्यतो. उसवला त मले हितून आवाज येते.’’ मला खोटं वाटलं. पण दहा मिनिटांत चेंडू मऊ पडला आणि रेफ्रीने बाहेर दिला. काकाजी आरी घेऊनच आले होते.

तेव्हा अमरावती आणि अकोला दोन्ही नागपूर विद्यापीठात. बुलढाण्यापासून चांद्यापर्यंत एकच विद्यापीठ. त्यामुळे भांडणाची मजा अशी, की आधी अमरावती आणि अकोला एकमेकांच्या जिवावर उठायचे. अकोल्याच्या पोरांना आम्ही सरकीवाले म्हणायचो, जशी काही आमच्या गावात सरकी नव्हती! आणि नागपूरच्या संघाशी गाठ पडली की तेच अकोलेवाले आमच्या बाजूने ओरडायला यायचे. नागपूरचे संघ भारी. शेजारी कामठी, १८२१पासूनची छावणी. फुटबॉल तिथल्या पोरांच्या अंगात भिनलेला. त्यांच्याशी हरण्यात आम्हाला लाज वाटत नव्हती, पाच गोलांनी हरण्यात वाटायची.

१९६६च्या हंगामात आम्ही नागपूरला उपांत्य फेरीत गेलो. बडनेऱ्याहून पॅसेंजरने निघालो. वर्ध्याला मी चहा घ्यायला उतरलो तर शेजारच्या डब्यातून काकाजी उतरले. स्वतःचं तिकीट काढून आलेले. टीमचं कन्सेशन माझ्याच हातात होतं. त्यांचं नाव यादीत घालता आलं नसतं, पण निदान विचारावं हेही मला सुचलं नव्हतं. दोन दिवसांची कमाई सोडून तो माणूस आला होता. आम्ही ३-० हरलो. परतीच्या गाडीत पोरं तोंड पाडून बसली होती. काकाजी दारात उभे राहून एवढंच म्हणाले, ‘‘हारले त हारले. चेंडू उद्या आनजा, दोन टाके ढिले झाले.’’

पुढच्या वर्षी गटातली ढाल आमच्या कॉलेजला मिळाली. अंतिम सामना अमरावतीतच झाला. दुसऱ्या दिवशी ग्रुप फोटो. प्राचार्य मधोमध, शेजारी जिमखान्याचे सर, अकरा खेळाडू, राखीव तीन आणि कडेला मी. एकदाही चेंडूला पाय न लावलेला मी फोटोत. चेंडू स्वच्छ करून आणायला काकाजींना सांगितलं होतं. त्यांनी तो तेल लावून चकचकीत केला, पांढऱ्या रंगात ‘१९६७’ लिहिलं आणि ढालीपुढे आणून ठेवला. मग ते मागे सरकत सरकत फोटोग्राफरच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. त्यांना कोणी बाजूला व्हा म्हटलं नाही. या, असंही कोणी म्हटलं नाही. मी चष्मा पुसत होतो. तो फोटो आजही माझ्याकडे आहे. चेंडूच्या खालच्या अंगाला जाड दोऱ्याचे सात टाके दिसतात. जालंधरचे टाके बारीक असतात, हे सात वेगळे ओळखू येतात.

तालिमेरेन आव १९४८ साली भारताचे कप्तान म्हणून लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा ते कोलकात्यात डॉक्टरकी शिकत होते. बहुतेक संघ अनवाणी खेळला, दोन पेनल्ट्या हुकल्या आणि फ्रान्सकडून १-२ असा हरला. कॉलेजातला विद्यार्थी देशाचा कप्तान असू शकतो, असा तो काळ. नंतर बँका, रेल्वे, पोलीस यांचे संघ आले, मग टीव्ही आला, आणि कॉलेजच्या मैदानाभोवतीची माणसं एकेक करून घरात गेली. सगळीकडे नाही. नागपूरला हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१च्या सुमारास झोपडपट्टीतली मुलं फुटलेल्या बादलीला लाथा मारताना पाहिली आणि त्यांना फुटबॉल दिला. त्यावर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ साली आला, तेव्हा तो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. कॉलेजची भिंत आणि भिंतीपलीकडची पोरं हा त्या सिनेमातला भाग बघताना मी थिएटरात बराच वेळ अस्वस्थ होतो.

काकाजी मला शेवटचे भेटले ते १९८३ साली. नोकरीनिमित्त मी बाहेरगावी होतो, दिवाळीच्या आधी अमरावतीला आलो आणि सहज मैदानाकडे वळलो. त्या जूनमध्ये कपिलच्या संघाने वर्ल्ड कप जिंकला होता. मैदानाच्या तीन कोपऱ्यांत पोरं स्टंप ठोकून क्रिकेट खेळत होती. मधे फुटबॉलचा सामना चालला होता आणि बघायला वीस-पंचवीस माणसं. बाभळीखाली काकाजी. बरेच वाकले होते. चेंडू रबराचा झाला होता, त्याला टाकाच नव्हता.

मी नमस्कार केला. त्यांनी ओळखलं. मी विचारलं, ‘‘काकाजी, आता चेंडू शिवायचं काम तर राह्यलं नाही. मग येता कशाला?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ वेगळं झालं होतं. आमची कॉलेजं नागपुरातून निघाली होती आणि गावात सगळ्यांना त्याचा आनंद होता. काकाजी मैदानाकडे बघतच म्हणाले, ‘‘आता नागपूरवाले येनार नाई म्हन्ते. त्याइले एक डाव हारवाचं राह्यलं ना भाऊ.’’ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘आन् यंदाचा सेंटर हाफ लय कच्चा हाये.’’